वाचकांचे प्रश्न: किनाऱ्याची सुरक्षा, आमदार आणि पक्षाचा व्हिप

प्रश्न : आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत. सागरी पोलिसांच्या बाबतीत सरकारचं चुकतंय, असं ते खासगीत मान्य करतात. पण ‘व्हिप आहे, सभागृहात तोंड उघडता येत नाही’ असं म्हणतात. हे खरं आहे का? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : नाही. व्हिप म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश. तो लागतो मतदानाला, भाषणाला नाही. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा आला. तिच्यात अपात्रतेची दोन कारणं आहेत. एक, पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडणं. दुसरं, पक्षादेशाविरुद्ध मत देणं किंवा मतदानाला गैरहजर राहणं, तेही आधी परवानगी न घेता. पक्षाने १५ दिवसांच्या आत माफ केलं तर दुसरं कारण उरत नाही. सभागृहात सरकारवर टीका केली म्हणून आमदारकी जाते, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सभागृहातल्या भाषणासाठी न्यायालयात खेचता येत नाही, हे संरक्षण घटनेच्या कलम १९४ ने वेगळं दिलेलंच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात हा कायदा वैध ठरवला, पण व्हिपला मर्यादाही आखून दिली. सरकार टिकणं न टिकणं ज्यावर अवलंबून आहे असं मतदान, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली त्याच्या गाभ्याचा प्रश्न, एवढ्यापुरताच तो असावा, असं न्यायालयाने म्हटलं. व्यवहारात पक्ष सरसकट व्हिप काढतात, त्यामुळे धोका नेमका कुठे आहे हे तुमच्या आमदारांनी ओळखायला हवं. गृहखात्याच्या अनुदानाच्या मागणीवर विरोधकांनी कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) आणली आणि त्यांनी तिच्या बाजूने मत दिलं, तर आमदारकी धोक्यात येते. अशी सूचना मंजूर होणं म्हणजे सरकारचा पराभव, म्हणून तिथे व्हिप हमखास असतो. मात्र त्याच मागणीवरच्या चर्चेत उभं राहून ‘माझ्या मतदारसंघातली गस्ती नौका धक्क्यालाच बांधून आहे’ असं सांगायला कुठलाच व्हिप आडवा येत नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा या आयुधांमध्ये मतदान होतच नाही.

तेव्हा ते बोलत नसतील तर त्याचं कारण कायद्यात शोधू नका. पुढचं तिकीट, मंत्रिपदाची आशा, निधी ही कारणं खरी असतील, पण ती त्यांनी आपल्या तोंडाने सांगावीत.

खरी घसरगुंडी सभागृहाबाहेर आहे. ‘सदस्यत्व सोडणं’ याला लेखी राजीनामाच लागतो असं नाही, वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, हे गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये ठरलं. जनता दल (संयुक्त)चे खासदार शरद यादव २०१७ मध्ये पाटण्यात विरोधकांच्या सभेला गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांची राज्यसभेची जागा गेली. म्हणून पक्षाशी मतभेद असलेल्या आमदाराने पत्रक स्वतःच्या नावाने काढावं, विषय एकच ठेवावा, ‘मी पक्षातच आहे’ हे लिहून ठेवावं आणि दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर जाऊ नये.

प्रश्न : सीमेच्या प्रश्नावरून स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभं राहिल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत का? (श्रीवर्धन)

उत्तर : आहेत. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं, ते काँग्रेसच्याच खासदारांनी नेहरूंकडे धरलेल्या आग्रहामुळे. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. त्याहून थेट उदाहरण महावीर त्यागींचं. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात, १९६५ च्या युद्धात जवानांनी पाकिस्तानकडून जिंकलेली काश्मीरमधली हाजीपीर खिंड परत द्यायचं ठरलं. ते न पटल्याने त्यागींनी केंद्रीय मंत्रिपद सोडलं. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. पण आज असता तरी मंत्रिपदाचा राजीनामा म्हणजे पक्ष सोडणं नव्हे, हे लक्षात घ्या. मंत्र्याला सामूहिक जबाबदारीमुळे गप्प बसावं लागतं. साध्या आमदाराला ते बंधनही नाही.

प्रश्न : पक्षाने हाकललं तर आमदारकी जाते का? आणि स्वतःहून राजीनामा दिला तर? (मालवण)

उत्तर : हकालपट्टीने जागा जात नाही. पण माणूस मोकळाही होत नाही. १९९६ च्या विश्वनाथन प्रकरणानुसार ज्या पक्षाच्या चिन्हावर तो निवडून आला त्याच पक्षाचा तो मानला जातो, आणि दुसऱ्या पक्षात गेला की अपात्र ठरतो. एक तृतीयांश आमदार घेऊन फुटण्याची सवलत २००३ च्या दुरुस्तीने काढून टाकली. उरलं आहे ते दुसऱ्या पक्षात विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश आमदार लागतात. एकट्याच्या ते कामाचं नाही. व्हिप कोण काढतो, यावरही २०२३ मध्ये महाराष्ट्राच्याच खटल्यात निकाल आला: प्रतोद, म्हणजे व्हिप काढणारा सदस्य, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही.

राजीनामा अध्यक्षांकडे लेखी द्यायचा. तो स्वेच्छेचा आणि खरा आहे याची खात्री अध्यक्षांनी करायची असते. मुदतीचं वर्षाहून अधिक शिल्लक असेल तर साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. तुमच्या मालवणनेच २००५ मध्ये अशी पोटनिवडणूक पाहिली. नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडून काँग्रेसकडून पुन्हा निवडून आले. कारण वेगळं होतं, वाट हीच. आमच्या मते ज्याला पक्षाविरुद्ध मतच द्यायचं आहे, त्याच्यासाठी हाच सरळ मार्ग आहे.

प्रश्न : जिल्हा परिषद सदस्याला किंवा सरपंचाला हे लागू होतं का? (देवगड)

उत्तर : जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला १९८६ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे, निर्णय जिल्हाधिकारी देतात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, तिथे व्हिपचा प्रश्नच येत नाही. धक्का, दिवे, उतरण्याची जागा यांवर ग्रामसभेचा ठराव बिनधास्त करा.

प्रश्न : आमदाराला नेमकं काय विचारायला सांगावं? ‘सुरक्षा वाढवा’ म्हटलं की ‘केंद्राचा विषय’ म्हणतात. (जयगड)

उत्तर : अर्धं खरं आहे. नौदल आणि तटरक्षक दल केंद्राचं, पोलीस राज्याचे. मासेमारी १२ सागरी मैलांच्या आत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राज्याकडे आणि त्यापलीकडे केंद्राकडे. त्यामुळे तटरक्षक दलाबद्दलचा प्रश्न खासदाराकडे द्या. सागरी पोलीस ठाणं, गस्ती नौका, मासळी उतरवण्याच्या केंद्रांवरचे रक्षक हे सगळं आमदाराचं. १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडमधल्या शेखाडीला उतरलं, ते किनाऱ्यावर. ती जागा राज्याच्या पोलिसांच्या हद्दीतलीच.

गस्तीच्या वेळा आणि मार्ग विचारू नका. गोपनीयतेच्या कारणाने असा प्रश्न नाकारला जातो आणि एक अधिवेशन वाया जातं. विचारायचं ते असं. ठाण्याला मंजूर पदं किती, भरलेली किती? सारंग (नौका हाकणारा), इंजिन ड्रायव्हर आणि खलाशी यांची पदं वेगळी दाखवायला सांगा, कारण एकूण आकड्यात जमिनीवरचे शिपाई मिसळले की नौका चालवायला माणूस नाही हे झाकलं जातं. नौका किती, त्यातल्या आज चालू किती, बंद नौकेचा देखभाल करार कधी संपला? गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक नौकेने किती तास पाण्यात काढले आणि किती लिटर डिझेल जाळलं? ओहोटीला नौका खाडीच्या मुखातून बाहेर पडते का? गाळाने मुख भरलं असेल तर नवी नौकाही भरतीची वाट बघत बसते, आणि हे कागदावर कधीच येत नाही. तासांचा आणि डिझेलचा आकडा शेजारी शेजारी ठेवला की खरी परिस्थिती कळते.

उत्तर छापून येतं. आमदारांनी प्रश्न विचारला की नाही, हे प्रश्नोत्तरांच्या यादीवरून तपासता येतं. मतदानाचं मात्र तसं नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि कोण कुठल्या बाजूला होतं याची नोंद राहत नाही. मतविभाजन मागितलं तरच नावं नोंदवली जातात. त्यामुळे ‘मी विरोधात होतो’ असं कोणी सांगितलं, तर मतविभाजन झालं होतं का, हे आधी विचारा.

प्रश्न : समुद्रात संशयास्पद बोट दिसली तर आधी कोणाला कळवायचं? (दिवेआगर)

उत्तर : सागरी पोलिसांना १०९३ वर, खोल समुद्रात असाल तर तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर. जवळ जाऊ नका. जीपीएसवरची जागा, बोटीचा रंग, नोंदणी क्रमांक असला तर तो, नसला तर ‘क्रमांक नाही’ हे, आणि तोंड कुठल्या दिशेला, एवढं सांगा. रिकामी बोट वाहत येताना दिसली तरीही कळवा. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-४७ रायफली असलेली बेवारस नौका अशीच किनाऱ्याला लागली होती. आमदाराला फोन नंतर करा.