फॉगलाइट घेण्याआधी

मित्रा, घोडबंदर रोडला रात्री खड्डे दिसत नाहीत म्हणतोस, ते खरंच आहे. पण फॉगलाइट घेण्याआधी बाइकचा मूळ हेडलाइट तपास. गाडी भिंतीसमोर सपाट जागी उभी कर, स्वतः वर बस आणि लो बीमचा (जवळच्या रस्त्यावर पडणाऱ्या उजेडाचा) झोत दिव्याच्या उंचीपेक्षा जरा खाली पडतोय ना, ते बघ. बऱ्याचदा तक्रार इथेच मिटते.

तरीही हवेच असतील तर:

– वॅटला भुलू नकोस. 20 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर खेचतात. लहान गाडीला तेवढे पुरे.

– रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज असलेलं वेगळं वायरिंग हवंच, इथे पैसे वाचवू नकोस. माझ्या पहिल्या गाडीला मेकॅनिकने हेडलाइटच्या वायरलाच जोड मारून टेप गुंडाळली होती. पावसात टेपखाली पाणी शिरलं, तांबं हिरवं पडलं आणि मुरबाडच्या पुढे माळशेजच्या वाटेवर हेडलाइटसकट सगळं गेलं. मोबाईलच्या उजेडात गाडी ढकलत ढाबा गाठला.

– पावसाळ्यात फिरणार असशील तर पिवळा घे. धुक्यात तो डोळ्यांना कमी बोचतो.

– स्विच वेगळा हवा, डाव्या अंगठ्याला सहज लागेल असा. समोरून गाडी आली की लगेच बंद. नवी मुंबईच्या पाम बीचसारख्या उजेडाच्या रस्त्यावर तर लावूच नकोस.

स्पॉट (अरुंद, लांब झोत), फ्लड (पसरट झोत), लुमेन (उजेडाचं माप) हे सगळं नंतर. बसवून झाल्यावर एका मित्राला समोर पन्नास पावलांवर उभा कर. त्याने डोळ्यांवर हात धरला, तर दिवे अजून खाली घे.