टॉक नाही, पोस्टर मिळालंय. तरी जावं का?

ताई म्हणून विचारलंस, तर जरा पाल्हाळ लावते. तुझं म्हणणं असं: पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय ठाणे खाडीच्या गाळातल्या पॉलिकीट कृमी, युरोपातल्या जलविज्ञान परिषदेत टॉक, म्हणजे व्यासपीठावरून बोलायची संधी, मागितला होतास, पोस्टरवर बोळवण झाली, म्हणजे काम एका मोठ्या कागदावर मांडून त्यापाशी उभं राहायचं. गाईड म्हणतात जा, घरचे म्हणतात एका कागदासाठी एवढा खर्च? वर तुला इंग्रजीची काळजी.

जा. आणि बोळवण म्हणू नकोस. जून 2023 मध्ये ॲस्लो या जलशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या परिषदेला स्पेनमधल्या पाल्मा द मायोर्काला मी पोस्टर घेऊनच गेले होते. टॉकवाल्याला मोजून काही मिनिटं मिळतात, दोन प्रश्न होतात न होतात तोच पुढचा माणूस माइकपाशी. पोस्टरपाशी जो थांबतो त्याला खरंच काहीतरी हवं असतं.

माझ्या पोस्टरवर खाडीची क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, होती, तीन ठिकाणं, चौदा महिने. पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या, आलेखावर बोट ठेवून म्हणाल्या, हे पाणी घेतलं तेव्हा भरती होऊन किती तास झाले होते? माझ्या तक्त्यात नुसत्या तारखा! मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. तो नमुना आणि भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी भरतीच्या, दिवसाचा नमुना एकाच रेषेने जोडला तर ती रेष कशाची? मला घाम फुटला.

मग आठवलं, फील्डच्या वहीत तिथ्या आहेत. ज्यांच्या होडीतून जायचे ते कोळीकाका तारखेत बोलतच नसत. "पंचमीला ये, पावणेचारची भरती हाय." तिथीची पाऊणपट केली की आपल्याकडची भरतीची ढोबळ वेळ निघते: पाच पाऊणे पावणेचार, आठ पाऊणे सहा. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्याचंच हे पाऊणकीतलं रूप. बाईंना ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, पोस्टरच्या कडेला पेनाने गणित मांडलं. त्या वीस मिनिटं हलल्या नाहीत, वर आणखी दोघांना बोलावून आणलं. (तुझ्या इंग्रजीच्या काळजीचं उत्तर यातच आलं.) घरी आल्यावर सगळे नमुने भरतीच्या वेळेशी बांधले आणि थिसिसचं तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं.

तेव्हा तू आत्ताच प्रत्येक नमुन्यापुढे "भरतीनंतर इतके तास" असा रकाना घाल. कोपऱ्यात छोटा नकाशा हवा, ठाणे खाडी कुठेय हे तिथे कुणाला माहीत नसतं. 2022 पासून ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तेही लिही. आणि फ्लेमिंगोचा एक फोटो टाकच. तुझ्या कृमींसाठी कुणी थांबणार नाही, फ्लेमिंगोसाठी थांबतील, मग कृमी दाखव. पोस्टर कापडावर छापून घे, घडी करून केबिन बॅगेत जातं. कागदी पोस्टरची ती लांब नळी विमानात सांभाळणं म्हणजे लग्नातली करवली सांभाळणं. उभं की आडवं, किती मापाचं, हे मात्र छापायच्या आधी सूचनांमध्ये बघ. नमुन्यांच्या बाटल्या दाखवायला म्हणूनसुद्धा नेऊ नकोस. फॉर्मलिनवरून विमानतळावर अडवू शकतात आणि जैविक विविधता कायदा वेगळाच मागे लागेल.

आता पैसे. आधी परिषद भरवणाऱ्या संस्थेचं विद्यार्थी सदस्यत्व घे, मग रजिस्ट्रेशन कर, तेही लवकरच्या मुदतीत. दोन्ही मिळून बराच फरक पडतो. सरकारी प्रवास-अनुदानाला ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) मंजूर झाल्याचं पत्र आलं की लगेच अर्ज टाक. परिषदेलाही विचार, विद्यार्थ्यांकडून थोडं काम करून घेऊन फी माफ करणाऱ्या परिषदा असतात. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, आणि उन्हाळ्यात मुंबईत व्हिसाची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, कारण अख्खं पार्लं-दादर युरोप टूरला निघालेलं असतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

तिकीट काढण्याआधी अनुदानाचे नियम वाच: कोणत्या एजंटकडून, कोणत्या वर्गाचं. आणि बोर्डिंग पास जपून ठेव! माझा परतीचा एक तुकडा हरवला आणि हिशेब सात महिने एका टेबलावर पडून राहिला. शेवटी तो सापडला आईच्या पोथीत. तिने खूण म्हणून घातला होता.