ज्वालामुखी फुटणार हे आधी कसं कळतं?

प्रश्न: भूकंप कधी होणार ते कुणी सांगत नाही, मग ज्वालामुखी फुटायच्या आधी लोकांना कसं काय हलवतात? की सगळा अंदाजपंचे कारभार?

उत्तर: अंदाजपंचे नाही हो. मॅग्माला, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाला, वर यायला वाट काढावी लागते आणि ते काही गुपचूप होत नाही, खडक तडकून बारीक बारीक भूकंप होतात, डोंगर जरासा फुगतो तो जीपीएसवर दिसतो, गॅस वाढतो. फिलिपिन्सचा पिनातुबो बघा, शेकडो वर्षं गप्प होता आणि एप्रिल १९९१ मध्ये वाफेचे स्फोट सुरू झाले, मग तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी सिस्मोमीटर म्हणजे जमिनीचे हादरे मोजणारी यंत्रं लावली. मे महिन्यात सल्फर डायऑक्साइड दिवसाला ५०० टनांवरून दोन आठवड्यांत ५००० च्या वर गेला, आणि मग एकदम कमी! आपण म्हणालो असतो झालं शांत, पण त्यांना शंका आली की गॅसची वाट बुजली असणार आणि आत दाब वाढत असणार. १० जूनला जवळचा अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ रिकामा केला, १५ ला महास्फोट. हजारो जीव वाचले. जे गेले त्यातले बरेच छपरं कोसळून, कारण नेमकं त्याच दिवशी वादळ आलं आणि राख भिजून जड झाली. बाकी फुगलेला प्रत्येक डोंगर फुटतोच असं नाही, त्यामुळे फुकटची धावपळ पण होते कधीकधी.