चेनची गाडी खोल बर्फात किती रुतते?

प्रश्न: सर, मी नागपुरात मेकॅनिकलच्या फायनल इयरला आहे. खोल बर्फात चालणाऱ्या चेनच्या गाडीचं मॉडेल करतोय. वजन ४ टन, दोन ट्रॅक (चाकांवरून फिरणारे चेनचे पट्टे), प्रत्येक ८० सेंमी रुंद, टेकलेली लांबी अडीच मीटर, पोटाखाली मोकळी जागा ३० सेंमी. वजनाला क्षेत्रफळाने भागून दाब काढला, बेकरच्या सूत्रात (दाब = k × खोलीचा n वा घात, त्यावरून रुतणं निघतं) टाकला, n = 1 धरला, तर गाडी २५ सेंमी रुतते आणि आरामात चालते. गाइड म्हणतात एवढं सोपं नसतं. चुकतंय कुठे? आणि इथे टेस्टिंगला बर्फ आणू कुठून?

उत्तर: गाइड बरोबर बोलताहेत भाऊ. तुझा दाब निघतो साधारण १० किलोपास्कल. सत्तर किलोचा माणूस चालताना एका पावलावर असतो तेव्हा तो याच्या दुप्पट-तिप्पट दाब देतो, म्हणजे कागदावर ४ टनाची गाडी तुझ्यापेक्षा हलकी आणि तिथेच सगळे फसतात. कारण ट्रॅक म्हणजे लोखंडी फळी नाही ना! तो लवचीक असतो, चाकाखाली दाब चढतो आणि दोन चाकांच्या मधे उतरतो, आणि बर्फ किती खचणार हे तो चढलेला दाब ठरवतो, सरासरी नाही.

समज चाकाखाली दाब दुप्पट झाला, २० किलोपास्कल. तुझ्याच सूत्राने रुतणं ५० सेंमी. आता एक मीटर पुढे जायला तेवढा बर्फ चेपायला किती काम लागतं ते काढ. आधी २५ सेंमीला विरोध येत होता २ किलोन्यूटन, आता ८. दाब दुप्पट, विरोध चौपट! वजनाच्या ५ टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांवर. वर तुझ्या गाडीचं पोट ३० सेंमीलाच बर्फाला टेकणार, मग वजनाचा काही हिस्सा पोटावर जातो, ट्रॅकवरचा भार कमी होतो, म्हणजे पकड कमी आणि घासणं जास्त. आकडा ५० पेक्षा थोडा कमी येईल पण गाडी बसली ती बसलीच. तुझ्या मॉडेलमधे पोटच नाहीये, ते आधी घाल.

पकडीसाठी जानोसी-हानामोटोचं सूत्र वापर (बर्फ किती सरकला त्यावरून पकड देणारं), पण ही बर्फाची सरक पूर्ण ट्रॅकखाली सारखी धरू नको. १० टक्के स्लिप असेल, म्हणजे ट्रॅक फिरतो त्यापेक्षा गाडी १० टक्के कमी पुढे जात असेल, तर पुढच्या टोकाला सरक शून्य आणि मागच्या टोकाला २५ सेंमी, म्हणून लांबीवर तुकडे करून बेरीज कर. आणि स्लिप वाढली की ट्रॅक खालचा बर्फ मागे उकरतो आणि गाडी अजून खाली जाते, त्यामुळे रुतणं एकदा काढून फिक्स ठेवता येत नाही. (हे बेकर म्हणजे तेच, ज्यांनी पुढे चांद्रगाडीवर काम केलं. चंद्रावर बर्फ नव्हता, पण रुतायची भीती तीच.)

आता बर्फ आणायचा कुठून. उन्हाळ्यात गोलेवाल्याकडे बघ, किसलेला बर्फ तो काडीभोवती दाबतो, आकार अर्धा होतो आणि पकडून राहतो. तोच मुद्दा! आपली काळी माती ओली झाली की चिखल बाजूला सरकतो, भंडारा-गोंदियाच्या धानात चेनचं हार्वेस्टर चालतं ते अशात. बर्फात हवाच जास्त, ताज्या बर्फाची घनता पाण्याच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणून तो बाजूला न जाता जागीच खचतो. तर चिखलावर टेस्ट करशील तर उत्तर चुकीचंच येणार.

म्हणून बर्फाऐवजी मैदा घे, तोही दाबला की जागीच खचतो. बारीक चाळून खोल डब्यात भर, डबा वजनकाट्यावर ठेव, आणि सपाट बुडाचा छोटा डबा हळूहळू दाबत जा, काट्यावरचं वजन आणि पट्टीवरची खोली लिहीत जा. दोन वेगवेगळ्या रुंदीच्या डब्यांनी कर, कारण बेकरच्या सूत्रातला k दोन भागांचा असतो, एकाचा परिणाम रुंदीनुसार बदलतो, दुसऱ्याचा नाही, आणि हे दोन k एकाच मापात वेगळे करता येत नाहीत. यातून येणारे आकडे मैद्याचे, बर्फाचे नव्हे, पण तुझ्या मॉडेलची पद्धत बरोबर आहे का ते कळतं. मधे दाबून पक्का केलेला एक थर घाल, वर सैल मैदा, की ग्राफ कसा अचानक उडी मारतो ते दिसेल, खऱ्या बर्फात वाऱ्याने घट्ट झालेला थर असाच वागतो आणि एका n ने तो पकडता येत नाही, तिथे तुकड्यांचा ग्राफच लागतो.

एक काळजी घे, प्रत्येक रीडिंगनंतर मैदा परत चाळ, एकदा दाबलेला तो आधीचा राहत नाही. आणि घरच्यांना आधी विचार, दोन किलो लागेल.