निळा डायल, ज्युबिलीच्या पाच कड्या आणि संध्याकाळी फुगणारं मनगट

पहिलं मोठं घड्याळ घ्यायला निघालेल्या वाचकांची या वेळी बरीच पत्रं आहेत. जवळपास प्रत्येकाने डायलबद्दल पानभर लिहिलंय आणि ब्रेसलेटबद्दल, म्हणजे कड्यांच्या धातूच्या पट्ट्याबद्दल, एक ओळ. मला हे प्रमाण बदलावंसं वाटतं. डायलमुळे घड्याळ आवडतं हे खरंच, पण ते रोज हातात राहणार की कपाटात जाणार हे बहुतेक वेळा ब्रेसलेटवर ठरतं.

प्रश्न : चार महिने निळ्या डायलचे फोटो बघतोय. दुकानात गेलो तर तोच डायल जवळजवळ काळा दिसला. घरचे म्हणतात, सरळ काळा घे. एकच घड्याळ घ्यायचंय. काय करू?

तुमचे डोळे बरोबर आहेत. निळे डायल बरेचदा सनरे फिनिशचे असतात. तबकडीच्या मध्यापासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेषा असतात आणि त्यांच्यावर रंगाचा पातळ थर. एका दिशेने प्रकाश पडला की समोरासमोर दोन उजळ पंखे उघडतात आणि मधला भाग गडद राहतो. मनगट वळवलं की पंखेही फिरतात. प्रकाश मंद झाला की पंखे मिटतात आणि निळा रंग काळ्याकडे झुकतो. फोटो नेमका पंखा उघडलेला असताना काढतात.

म्हणून काउंटरवरच्या दिव्याखाली निर्णय घेऊ नका. घड्याळ घालून खिडकीपाशी जा, मग पाठ फिरवून स्वतःच्या सावलीत बघा. तुमचा दिवस ट्यूबलाइटखाली जात असेल तर तसा कोपरा शोधा. काळोखी निळाईही आवडली तर बिनधास्त निळा घ्या. चार महिने मनात राहिलेला रंग सोडून ‘कधीही चालतो’ म्हणून काळा घेतलात, तर निळा डोक्यातून जाणार नाही.

आता रंगाइतकंच महत्त्वाचं, पण कुणीच न विचारलेलं: काटे. आरशासारखे पॉलिश केलेले काटे समोर जे असेल तेच दाखवतात. काळ्या डायलवर त्यांच्यात अंधारा कोपरा उमटला की काटे गायब! चंदेरी डायलवर तर हे जास्तच होतं, कारण दोन्हींचा रंग एकच. काट्याला मधोमध धार असेल किंवा त्याची एक बाजू मॅट असेल, तर कुठल्याही कोनात एक बाजू उजळ आणि दुसरी गडद राहते. हात लांब करून एका नजरेत वेळ वाचता येते का, ते पाहा. दोनदा बघावं लागलं तर ते घड्याळ परत ठेवा.

प्रश्न : चामड्याच्या पट्ट्यावर तेच घड्याळ स्वस्त पडतं. ब्रेसलेट नंतर घेतलं तर?

नको. आत्ता ब्रेसलेटसाठी फक्त दोन किमतींतला फरक भरावा लागतो. पुढे कंपनीचं मूळ ब्रेसलेट सुटं घ्यायला गेलात तर साधारणपणे त्याहून बरंच जास्त मोजावं लागतं. चामडी पट्टा काय, कधीही घेता येतो. फक्त केसच्या (घड्याळाच्या धातूच्या डबीच्या) दोन कानांमधलं, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या टोकांमधलं, अंतर बघून ठेवा. १८, २० किंवा २२ मिलिमीटर असेल तर पट्टे हवे तितके मिळतात. १९ किंवा २१ असेल तर निवड कमी होते.

याला एक मोठा अपवाद आहे. ओडमार पिगेचं रॉयल ओक (१९७२) आणि पाटेक फिलिपचं नॉटिलस (१९७६), दोन्ही डिझायनर जेराल्ड जेंटा यांच्या हातची. या घराण्यातल्या घड्याळांत ब्रेसलेट केसमधूनच पुढे वाढल्यासारखं असतं. नेहमीचे कान नसल्यामुळे बाजारातला साधा पट्टा बसत नाही. तिथे ब्रेसलेट पसंत नसेल तर घड्याळच घेऊ नका.

प्रश्न : रोलेक्सचं ३६ मिलिमीटरचं डेटजस्ट नक्की केलंय. ब्रेसलेट ऑयस्टर घेऊ की ज्युबिली? मनगट बारीक, हाडं वर आलेली. मित्र म्हणतात, ज्युबिली आजोबांचं वाटतं.

तुमच्या मनगटाला ज्युबिली. हे ब्रेसलेट १९४५ मध्ये डेटजस्टसाठीच बनलं. १९०५ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचं ते चाळिसावं वर्ष, म्हणून हे नाव. राहिला प्रश्न आजोबांचा, तर २०१८ मध्ये रोलेक्सने स्टीलच्या जीएमटी-मास्टर २ वरही ज्युबिली दिलं, आणि ते मूळचं वैमानिकांसाठी घडवलेलं घड्याळ आहे. मित्रांना हे सांगा.

खरा फरक हातात घेतल्यावर कळतो. ऑयस्टरच्या एका ओळीत तीन तुकडे असतात, सपाट आणि रुंद. ज्युबिलीत पाच: कडेचे दोन मॅट, मधले तीन छोटे, फुगीर आणि चकचकीत. तळहातावर सोडलंत तर ज्युबिली गळ्यातल्या साखळीसारखं गोळा होतं. ऑयस्टर त्या मानाने ताठ राहतं. हाडांच्या उंचवट्यावर ज्युबिली वळत जातं, ऑयस्टरखाली मात्र पोकळी राहू शकते.

ओरखड्यांचंही सांगतो. डेटजस्टवरच्या ऑयस्टरमध्ये मधली रुंद पट्टी पॉलिश केलेली असते आणि तिच्यावर पहिल्या महिन्यातच बारीक चरे दिसू लागतात. ज्युबिलीचे छोटे फुगीर तुकडे प्रकाश इतका विखुरतात की चरे पटकन नजरेत भरत नाहीत. जुनं ज्युबिली घेणार असाल तर घड्याळ आडवं धरा. ब्रेसलेट सैल होऊन खाली लोंबलं, तर घाम आणि धुळीने आतल्या पिना आणि भोकं झिजली आहेत असं समजा.

प्रश्न : ओमेगाचं स्पीडमास्टर घेतोय. हेसलाइट काच की सफायर?

काच निवडताना तुम्ही ब्रेसलेटही निवडताय, हे आधी लक्षात घ्या. २०२१ पासूनच्या मूनवॉचमध्ये (तुमच्या स्पीडमास्टरचंच हे नाव) हेसलाइटबरोबर मॅट ब्रेसलेट येतं, सफायरबरोबर पॉलिश केलेल्या भागांचं. दोन्ही ब्रेसलेट कानांपाशी २० मिलिमीटर रुंद असतात आणि क्लास्पपर्यंत, म्हणजे ब्रेसलेट मिटायच्या खिट्टीपर्यंत, १५ वर येतात. त्या निमुळतेपणामुळे एवढं मोठं घड्याळ हातावर हलकं वाटतं.

हेसलाइट म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक. चरे लगेच पडतात, पण पॉलिशची पेस्ट लावून मऊ कापडाने घासलं की बरेचसे निघतात. सफायर म्हणजे कृत्रिम नीलमण्याची कठीण काच. तिच्यावर सहसा चरा पडत नाही, पण कडेला दुधाळ वर्तुळ दिसतं. काळ्या डायलवर मला ते खुपतं. हेसलाइटखाली तोच डायल कडेपर्यंत स्वच्छ आणि किंचित उबदार दिसतो. माझं मत हेसलाइटला, मॅट ब्रेसलेटसकट. पांढरा डायल हवा असेल तर प्रश्नच मिटला: २०२४ मध्ये आलेलं पांढऱ्या लॅकर डायलचं स्टील मॉडेल सफायरमध्येच आहे.

प्रश्न : स्टीलने कातडीला खाज सुटते. टायटॅनियम घेऊ का? ते फार हलकं, खोटं वाटतं.

घ्या. घड्याळांच्या स्टीलमध्ये निकेल असतं. ते बाहेर फारसं सुटत नाही, पण संवेदनशील त्वचेला तेवढंही पुरतं. तरी एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, कारण कधीकधी कड्यांत साठलेला मळ आणि साबणच खाजेचं कारण असतो. टायटॅनियम स्टीलपेक्षा साधारण ४५ टक्के हलकं असतं. हलकेपणाची सवय आठवड्याभरात होते. ग्रँड सेकोचं ‘स्नोफ्लेक’ एकदा हातात घेऊन बघा. टायटॅनियमचं आहे, आणि त्याच्या पांढऱ्या डायलवर वाऱ्याने दाबलेल्या बर्फासारखे बारीक उंचसखल थर आहेत. त्यावरून फिरणारा निळा सेकंदकाटा बघताना खोटेपणाची शंका तुमच्या मनात राहणार नाही.

प्रश्न : नवं घड्याळ सकाळी सैल, संध्याकाळी घट्ट होतं. कडी काढावी की घालावी?

आधी काहीच करू नका. उष्म्याने, चालण्याने मनगट दिवसभरात फुगतं, सगळ्यांचंच. माप संध्याकाळी घ्या. क्लास्प आणि मनगट यांच्यामध्ये करंगळी सरकली पाहिजे. राहिलेला फरक क्लास्पने भरून काढायचा असतो. रोलेक्सच्या क्लास्पमधलं ईझीलिंक ब्रेसलेट ५ मिलिमीटरने लांबवतं. ट्युडरच्या टी-फिटमध्ये पाच टप्प्यांत ८ मिलिमीटर मिळतात, तेही अवजाराशिवाय. खरेदीआधी ही सोय आहे का, हे विचारायलाच हवं. डायलच्या नादात हे राहून जातं.

माझ्या पहिल्या चांगल्या घड्याळाच्या तीन कड्या दुकानदाराने एकाच बाजूच्या काढल्या होत्या. क्लास्प मनगटाच्या कडेला आला. लिहायला बसलं की टेबलावर आपटायचा. दोन वर्षं मला वाटत होतं की घड्याळच जड आहे. मग एका घड्याळजींनी एक कडी या बाजूची त्या बाजूला लावली आणि पाच मिनिटांत त्रास संपला. तेव्हा कड्या दोन्ही बाजूंनी काढायला सांगा. डायलवरच्या सहाच्या आकड्याच्या बाजूला बहुतेकांना एखादी कडी कमी लागते. क्लास्प मनगटाच्या तळाशी मधोमध बसला की थांबा.

घरी करायचं असेल तर कडीच्या आतल्या अंगाचा बाण बघा. पिन त्याच दिशेने बाहेर ढकलायची असते. बाण नसून स्क्रू असेल तर योग्य रुंदीचा स्क्रूड्रायव्हर हाताशी असल्याशिवाय हात लावू नका, खाच एकदा चेपली की स्क्रू निघत नाही. आणि काढलेल्या कड्या पुडीत बांधून घड्याळाच्या डब्यातच ठेवा.