आगाखान पॅलेसबद्दल लिहिताना

प्रिय,

पुण्याच्या आगाखान पॅलेसबद्दल पाहुण्यांना सांगायच्या माहितीचा तुझा खर्डा वाचला. तारखा बरोबर आहेत, भाषाही नेटकी आहे. पण तुझ्या लेखी ही वास्तू ऑगस्ट १९४२ ला जन्मते आणि मे १९४४ ला संपते. गांधीजी तिथे स्थानबद्ध होते तेवढाच काळ! संग्रहालय झालेल्या वास्तूंच्या नशिबी हे नेहमीच येतं. एक तुकडा काचेआड जपला जातो, बाकीच्या आयुष्याबद्दल कुणी विचारत नाही. तू तरी विचार.

बांधकामापासून सुरू कर. १८९२ साली दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून बांधला, हे वाक्य तू फलकावरून उचलावं तसं उचललंस. जरा साल शेजारी मांडून बघ. दख्खनचा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा, त्यानंतरचा मोठा १८९६ चा. १८९२ दोन्हींच्या मधे कुठेतरी. शिवाय तो बांधणारे तिसरे आगाखान, इस्माइली पंथाचे इमाम सुलतान मुहम्मद शाह, जन्मले नोव्हेंबर १८७७ मध्ये. म्हणजे तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा! सातव्या वर्षी इमामपद मिळालं, त्यामुळे लहानपणी कारभारात आईचा, लेडी अली शाह यांचा, मोठा वाटा होता. मग हुकूम कुणाचा, पैसा कुठून आला, मजुरी कुणाला मिळाली? दुष्काळाची गोष्ट लगेच खोटी ठरवू नकोस. टंचाई एखाद्या तालुक्यापुरतीही असू शकते. महसुली कागद चाळ, आणि काही हाती लागेपर्यंत ‘असं सांगतात’ एवढंच लिही.

कमानी, रुंद व्हरांडे आणि हिरवळ पाहून ‘ही कसली कैद?’ म्हणणारे पाहुणे भेटतीलच. त्यांच्याशी हुज्जत घालू नकोस. एवढी मोठी जागा आणि एवढा पहारा म्हणजे लोकांच्या पैशाची नासाडी आहे, मला साधा तुरुंगही चालेल, असं खुद्द गांधीजींनीच सरकारला कळवलं होतं, ते सांग. आणि मग सांग की इथे आणल्यावर आठवडाही झाला नव्हता तोच, १५ ऑगस्ट १९४२ ला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले.

कस्तुरबांच्या खोलीत आवाज हळवा करून पुढे सरकायची सवय मार्गदर्शकांना असते. मला ती आवडत नाही. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, त्या गेल्या. शेवटी पेनिसिलिन मागवलं होतं. ते द्यावं असं मुलगा देवदास यांना वाटत होतं, गांधीजींनी नको म्हटलं. हे ऐकून लोक अवघड प्रश्न विचारतील. विचारू देत. गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नय्यर स्वतः तिथे कैदेत होत्या आणि त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. ते आधी वाचून जा, म्हणजे उत्तर देताना अडखळणार नाहीस.

१९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी वास्तू दान दिली, हे तुझ्याकडे आहे. २००३ मध्ये ती राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक झाली, हेही आहे. पण सुटका ते दान ही पंचवीस वर्षं? त्यांच्यावर एक ओळही नाही. दानानंतरही कुठल्या खोल्या दाखवायच्या, कुठे कुलूप लावायचं, हे कुणीतरी ठरवलंच असेल. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी घडवलेल्या, कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाधिस्थळावर मात्र तू परिच्छेदभर लिहिलंस. ते निम्मं कर, जागा होईल.

जुन्या कर्मचाऱ्यांना भेट. पुढचा खर्डा त्यानंतरच पाठव, घाई नाही.