कोरियामाला राहायला जावं का?

प्रश्न : माझा मुलगा टोकियोत नोकरी करतो. आता कंपनी त्याला फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा शहरात दोन वर्षांसाठी पाठवते आहे. सूनबाईंना पाचवा महिना आहे. विहीणबाईंनी फोनवर रडून घेतलं, ‘त्या अणुभट्टीच्या गावात माझ्या लेकीला नेऊ नका.’ मुलगा म्हणतो, ‘आई, इथे बागेत, शाळेपाशी आकडे दाखवणारी यंत्रं लावली आहेत. कोरियामात ०.०९ दिसतं, काही नाही होत.’ हे ०.०९ म्हणजे काय? आणि २०११ मध्ये तिथे राहणाऱ्यांना नक्की किती किरणोत्सर्ग लागला?
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, मी एकतीस वर्षं छातीला बॅज लावून अणुकेंद्रात काम केलं. त्या बॅजमध्ये एका पावडरीच्या छोट्या चकत्या असतात. त्या किरणोत्सर्ग साठवून ठेवतात आणि तापवल्या की तेवढाच उजेड देतात. उजेड मोजला की डोस कळला. एकदा माझा आकडा नेहमीच्या कितीतरी पट आला. चौकशी झाली तेव्हा कळलं, बॅज मी शर्टासकट नको त्या खोलीत खुंटीवर टांगून जेवायला गेलो होतो. डोस शर्टाला लागला होता, मला नव्हता. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की मी आधी विचारतो : हा कुणाचा आकडा, आणि किती वेळाचा?

०.०९ हा तासाचा आकडा आहे, मायक्रोसिव्हर्टमध्ये, आणि तो हवेचा आहे, तुमच्या सूनबाईंचा नाही. (सिव्हर्ट हे शरीराला लागणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट.) जपान सरकारची रीत अशी : माणूस रोज ८ तास बाहेर आणि १६ तास लाकडी घरात असतो असं धरायचं. घरात बाहेरच्या ०.४ पट, म्हणजे दिवसाचे २४ तास हिशोबाला १४.४ तासच उरतात. त्या प्रांतात मातीतून मुळातच येणारं सुमारे ०.०४ वजा करायचं. मग ०.०५ गुणिले १४.४ गुणिले ३६५. उत्तर येतं वर्षाला सुमारे ०.२६ मिलिसिव्हर्ट. जगात सरासरी माणसाला नैसर्गिकरीत्याच वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट लागतात आणि पोटाच्या एका सीटी स्कॅनला दहाच्या आसपास. गर्भावर थेट परिणाम दिसायचा तर डोस शंभराच्या पुढे जावा लागतो, असं आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग मानतो. विहीणबाईंना गुणाकार सांगत बसू नका, सीटी स्कॅनचं सांगा.

आता २०११. ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी, मग फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातल्या तीन अणुभट्ट्या वितळल्या. लोकांना कुठून हलवायचं ते ठरवायला सरकारने कंपास घेऊन प्रकल्पाभोवती वर्तुळं काढली : आधी ३ किलोमीटर, मग १०, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २०. वारा काही वर्तुळात वाहत नाही. १५ तारखेला तो वायव्येला वळला आणि त्यात पाऊस-बर्फ पडला. इइताते हे गाव वर्तुळाच्या बाहेर, चाळीसेक किलोमीटरवर, पण सीझियम हा किरणोत्सारी पदार्थ मातीत तिथेच उतरला. गाव हलवायचा हुकूम निघाला २२ एप्रिलला. नामिए गावचे लोक तर बिचारे पळून त्सुशिमा भागात जाऊन राहिले, म्हणजे नेमके किरणोत्सारी ढगाच्या वाटेवर. ढग कुठे जाणार याचा हिशोब करणारी संगणकप्रणाली सरकारकडे होती. तिचे नकाशे लोकांसमोर आले २३ मार्चला. याचा राग मला अजून येतो. आमच्या धंद्यात वाऱ्याची दिशा ही पहिली ओळ असते.

नंतर प्रांताने रहिवाशांना एक फॉर्म पाठवला. ११ मार्च ते ११ जुलै, कोणत्या दिवशी किती वाजता कुठे होतात, घर लाकडी की काँक्रीटचं, बाहेर किती वेळ. चार महिन्यांपूर्वी मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात हे आठवून पाहा म्हणजे त्या फॉर्मचा जाच कळेल. चौथाई लोकांनीच तो भरून दिला. पण तेही साडेचार लाखांच्या वर भरतात. त्यांच्यात पहिल्या चार महिन्यांचा बाहेरून लागलेला डोस ६२ टक्क्यांचा १ मिलिसिव्हर्टच्या आत आणि ९९.८ टक्क्यांचा ५ च्या आत निघाला. सर्वांत मोठा आकडा २५. कोरियामा प्रकल्पापासून साठेक किलोमीटरवर आहे, तिथले लोक या हिशोबात आहेतच.

एक दुखरी जागा आहे, ती लपवत नाही. किरणोत्सारी आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइडवर यंत्र धरून मोजायचं ते लगेच मोजायला हवं. मार्चअखेर असं मोजलं गेलं फक्त १,०८० मुलांचं. पुढे तीन लाख मुलांची सोनोग्राफी झाली आणि थायरॉइडचे कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचं म्हणणं, इतक्या बारकाईने शोधलं म्हणून सापडले, डोस त्याला पुरेसा नव्हता. मला ते पटतं. पण ज्या आईच्या मुलाच्या गळ्यावर टाका पडला तिला मी हे वाक्य ऐकवायला जाणार नाही. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेत १९८६ मध्ये मुलं कित्येक दिवस हे आयोडीन उतरलेलं दूध पीत राहिली. फुकुशिमात दूध लवकर थांबवलं, हा फरक मोठा.

आणि माणसं गेली ती वेगळ्याच वाटेने. इस्पितळांतले, वृद्धाश्रमांतले अंथरुणाला खिळलेले म्हातारे बसमध्ये तासन्‌तास बसवून हलवले. पन्नासहून जास्त जण वाटेत किंवा लगेच नंतर दगावले. स्थलांतराच्या हालांनी झालेले म्हणून सरकारदरबारी नोंदलेले मृत्यू त्या प्रांतात २,३०० च्या वर आहेत, प्रत्यक्ष त्सुनामीने घेतलेल्यांपेक्षा जास्त.

सूनबाईंना जाऊ द्या. तिथले पीच खाऊ द्या, भात खाऊ द्या. २०१२ पासून अनेक वर्षं त्या प्रांतात तांदळाचं पोतं न्‌ पोतं यंत्राखालून गेलं आहे. एवढंच सांगा : कुणी शेजारणीने प्रेमाने रानातली अळंबी किंवा ‘कोशिआबुरा’चे कोवळे कोंब आणून दिले तर तोंडभरून आभार मानायचे आणि खायचे नाहीत. जंगल धुता आलेलं नाही, तिथल्या पाचोळ्यात सीझियम अजून फिरतं आहे. विकायला येतं ते तपासलेलं असतं, रानातून थेट घरी आलेलं तपासलेलं नसतं.

प्रश्न : आम्ही बोईसरला राहतो, तारापूर हाकेच्या अंतरावर. आयोडीनच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात का?
— एक वाचक, बोईसर

उत्तर : ठेवल्यात तरी मनाने घेऊ नका. ही गोळी फक्त थायरॉइड वाचवते, सीझियमपुढे तिचं काही चालत नाही. शिवाय ती किरणोत्सारी ढग येण्याच्या थोडं आधी किंवा आल्यावर काही तासांतच घ्यावी लागते, आणि ती वेळ प्रशासनाने सांगायची असते. चाळिशीनंतर तर फायदाही नगण्य. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं आयोडीनयुक्त मीठ संपवलं होतं. एका गोळीतलं आयोडीन मिठातून मिळवायचं तर किलोंनी मीठ खावं लागेल. थायरॉइडच्या आधी मूत्रपिंडं जातील.